रशियनचा अभ्यास आणि मुळशीचे पाणी

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या मुळशी तालुक्याची आठवण महाराष्ट्राला होते ती बहुधा सत्याग्रहाच्या निमित्ताने. आणि ज्या पुरुषाला या सत्याग्रहाने ‘सेनापती’ ही पदवी कायमची बहाल केली, त्या पांडुरंग महादेव बापटांच्या चरित्रातील एक प्रकरण थेट रशियन भाषेशी निगडित आहे, ही गोष्ट मात्र विद्यापीठांतील परकीय भाषांच्या अभ्यासाची चर्चा चालू असता सहसा कोणी काढीत नाही. शिष्यवृत्ती मिळवून विलायतेस गेलेले आणि राजद्रोही ठरलेल्या व्याख्यानामुळे ती गमावून बसलेले बापट १९०७ च्या सुमारास पॅरिसला गेले, तेथे बंगालच्या हेमचंद्र दासांच्या समवेत त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून स्फोटकांची विद्या घेतली, आणि त्या विद्येची जी पुस्तिका हाती आली ती रशियन भाषेत असल्यामुळे एका रशियन विद्यार्थिनीकडून तिचे इंग्रजी भाषांतर करवून घ्यावे लागले. त्या भाषांतराच्या प्रती पुढे कलकत्त्याच्या माणिकतळ्याच्या बागेत आणि नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरात पोलिसांच्या हाती लागल्या, आणि १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातही त्यांची दखल घेतली गेली. पुस्तिकेतील मजकुराचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या ग्रंथावर देशाचे भवितव्य अवलंबून आहे असे त्या पिढीला वाटले तो ग्रंथ वाचू शकणारा एकही मराठी माणूस हाताशी नसावा, आणि त्याचे ज्ञान आपल्यापर्यंत इंग्रजीच्या मध्यस्थीनेच यावे, ही परिस्थिती मला विचार करण्याजोगी वाटते. कारण पुस्तके बदलली, काळ बदलला, तरी ती मध्यस्थी पुष्कळ अंशी अजून कायम आहे.

रशियन शिकण्याची सोय आज नाही असे कोणी म्हणणार नाही. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, फ्रेंच-जर्मनच्या बरोबरीने रशियनचेही अध्यापन होत आले आहे, आणि प्रमाणपत्र परीक्षेपासून एम.ए.पर्यंतची वाट तेथे मोकळी आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील आवारात रशियनचा स्वतंत्र विभाग आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ही भाषा शिकविली जाते. माझे म्हणणे या सोयीच्या अभावाविषयी नसून तिच्या प्रयोजनाविषयी आहे. रशियन भाषा व साहित्य यांचा पदव्युत्तर अभ्यास मराठीच्या अंगणात येऊन फळाला आला पाहिजे. जो विद्यार्थी दोन वर्षे पुश्किन, चेखॉव्ह आणि टॉलस्टॉय मुळातून वाचतो, त्याच्या पदवीचा काही अंश मराठी वाचकाच्या पदरात पडलाच पाहिजे, आणि तसे बंधन विद्यापीठानेच घालून घेतले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अभ्यासाच्या उपयुक्ततेविषयी बोलताना आपण नोकरीपासून आरंभ करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. नोकरीचे महत्त्व मी नाकारीत नाही. सोव्हिएत साहाय्याने १९५८ साली पवईला तंत्रविद्येची संस्था उभी राहिली, १९६४ पासून नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना चालू झाला, आणि यंत्राबरोबर येणाऱ्या कागदपत्रांसाठी दुभाषी व भाषांतरकार लागू लागले. आज हिंजवडीच्या संगणक-वसाहतीत, जी मुळशी तालुक्याच्याच हद्दीत मोडते, परकीय भाषा जाणणाऱ्यांना मागणी असते, आणि वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाकडे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना तर रुग्णाशी बोलण्यासाठी ती भाषा शिकावीच लागते. हे सारे खरे आहे; परंतु यासाठी पदविका पुरते. एम.ए.ला बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून समाजाने ज्या कार्याची अपेक्षा करावी ते याहून निराळे, अधिक दीर्घ पल्ल्याचे आणि, मला वाटते, अधिक निकडीचेही आहे.

मराठीला रशियन साहित्याचे वेड काही आजचे नाही. टॉलस्टॉयचा कलाविषयक ग्रंथ साने गुरुजींनी मराठीत आणला. गोगोलच्या विख्यात प्रहसनावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘अंमलदार’ रचले आणि ते मराठी रंगभूमीचे स्वतःचेच नाटक होऊन बसले. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले, परत येऊन त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला, आणि मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ साली त्यांचा पुतळा उभा राहिला. साने गुरुजी व पु. ल. हे रशियन वाचणारे नव्हते. त्यांच्या आणि मूळ ग्रंथाच्या मध्ये इंग्रजी उभी होती, आणि प्रतिभावंतांनी त्या अडथळ्यावरही मात केली, हा त्यांचा मोठेपणा. पुढे मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनगृहांनी मराठी भाषांतरे स्वतःच छापावयास आरंभ केला, त्यांपैकी काहींचे भाषांतरकार मॉस्कोत राहून मुळावरून काम करीत, आणि गुळगुळीत कागदावरची, सुबक चित्रांची, अत्यल्प किमतीची ती पुस्तके लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांच्या द्वारे गावोगावच्या प्रदर्शनांतून आपल्या घरांत आली. त्या पुस्तकांची निवड मॉस्कोत होई, छपाई मॉस्कोत होई आणि खर्चही मॉस्कोच सोशी. म्हणूनच १९९१ साली सोव्हिएत राज्य विलयास जाताच तो प्रवाह एकाएकी आटला. दुसऱ्याच्या खजिन्यावर पोसलेला वाचनसंस्कार खजिन्याबरोबर संपला, याचा दोष त्या खजिन्याला देता येत नाही. ती जबाबदारी उचलावयास आपली विद्यापीठे त्या वेळी पुढे झाली असती, तर आजचे चित्र वेगळे दिसले असते.

याच्या उलट बाजूला काय घडले ते पाहण्यासारखे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुकथनकरांनी सिद्ध केलेली महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ती समोर ठेवून लेनिनग्राडच्या व्लादिमिर काल्यानोव्ह यांनी त्या पर्वाचे रशियन भाषांतर केले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या होरपळीतून सावरणाऱ्या त्या देशात ते १९५० साली प्रसिद्ध झाले; पुढची पर्वेही, पिढ्या बदलल्या तरी, निघत राहिली. तात्याना कातेनिना यांनी मराठीचे व्याकरण रशियनमध्ये लिहून १९६३ साली प्रसिद्ध केले. इरिना ग्लुश्कोवा या मॉस्कोच्या विदुषींनी पंढरीच्या वारीचा आणि वारकरी परंपरेचा अभ्यास मराठी शिकून केला, आणि महाराष्ट्रातील घर, कुटुंब व नातेसंबंध या विषयावरील एका ग्रंथाचे संपादन त्यांनी पुणे विद्यापीठाचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांच्या समवेत केले. म्हणजे त्यांनी आपल्याकडून जे घेतले ते थेट पुण्याच्या छापखान्यातून आणि पंढरपूरच्या वाटेवरून घेतले; आपण त्यांच्याकडून जे घेतले त्याचा फार मोठा हिस्सा लंडनच्या दुकानातून आला.

राजेंद्र व्होरा यांचे नाव येथे आले ते मला विशेष मोलाचे वाटते, कारण मुळशी सत्याग्रहाचा साद्यंत इतिहास लिहिणारे अभ्यासक तेच. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने धरण बांधावे, त्याचे पाणी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडावे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालाव्यात, या योजनेसाठी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा वरवंटा मुळशी पेट्यावर फिरविला, आणि १६ एप्रिल १९२१ या रामनवमीच्या दिवशी ‘जान किंवा जमीन’ अशी शपथ घेतलेले मावळे, त्यांत बायकाही, धरणाच्या कामावर जाऊन बसले. जमिनीचे कागदोपत्री धनी असलेले पुण्याचे सावकार नुकसानभरपाईवर राजी होऊ शकत होते. आंबेमोहोर पिकविणाऱ्या कुळाला ती वाट नव्हती. सत्याग्रह मोडला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, गावे पाण्याखाली गेली. व्होरा यांनी याला धरणाविरुद्धचा जगातील पहिला लढा म्हटले आहे.

आता या इतिहासाच्या शेजारी एक रशियन कादंबरी ठेवून पाहावी. व्हालेंतिन रास्पुतिन या सैबेरियाच्या लेखकाने १९७६ साली मात्योरा नावाच्या बेटाच्या निरोपाची कथा लिहिली. अंगारा नदीवर जलविद्युत केंद्र उभे राहणार, पाणी चढणार, आणि तीनशे वर्षे नांदलेले बेटावरचे गाव बुडणार. रास्पुतिनला हे कल्पनेने रचावे लागले नाही. त्याचे स्वतःचे बालपणीचे गाव ब्रात्स्कच्या धरणामुळे उठवावे लागले होते. त्या कथेत दार्या नावाची वृद्धा आहे. दफनभूमीतील क्रूस उपटून जागा ‘साफ’ करावयास आलेल्या माणसांवर गावातील म्हाताऱ्या काठ्या घेऊन तुटून पडतात, दार्याचा नातू मात्र त्याच धरणाच्या कामावर जावयास उत्सुक असतो, आणि मधल्या पिढीचा तिचा मुलगा दोहोंकडे पाहत अवाक उभा राहतो. कथेच्या अखेरीकडे, आपले घर उद्या जाळले जाणार हे पक्के ठाऊक असताना, दार्या चुना कालवते, छत आणि भिंती पांढऱ्या करते, भट्टीवरून हात फिरवते, जमीन घासून काढते, फरच्या डहाळ्या आणून कोपऱ्याकोपऱ्यांत लावते, आणि जाळणाऱ्यांना बजावते की आत पाऊल टाकू नका. मृताला न्हाऊ घालून नवे वस्त्र नेसवावे तसा हा विधी आहे. जगाच्या साहित्यात विस्थापनाविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु उठवल्या जाणाऱ्या माणसाचे स्वत्व एका घरसारवणीत इतके सगळे सामावल्याचे मी अन्यत्र वाचलेले नाही.

हे पुस्तक इंग्रजीतून वाचणारा वाचक त्याची थोरवी जाणू शकेल. पण त्याचे मराठी मुळशीच्या माणसाने करावे, असे मला तळमळीने वाटते. कारण दार्या जी भाषा बोलते ती मॉस्कोच्या दरबारची नाही, अंगाराकाठच्या खेडवळ म्हाताऱ्यांची आहे. इंग्रजीत ती सपाट होऊन येते, आणि इंग्रजीवरून केलेल्या मराठीत तर तिचा मागमूसही उरणार नाही. ताम्हिणीच्या वाटेवरील एखाद्या वाडीत जिची आजी अजून पहाटे उठून उंबऱ्याला पोतेरे घालते, जिने देवराईतील झाड तोडू नये हे पुस्तकाशिवाय ऐकलेले आहे, जिच्या घरी बुडालेल्या गावाची नावे अजून सोयरिकीच्या बोलण्यात येतात, अशी एखादी मुलगी रशियन शिकून त्या पुस्तकाला हात घालील, तर बेटाचा तो चिमुकला अदृश्य राखणदार, जो रात्री गावभर हिंडून आपल्या मुलखाची खबर घेतो, तिला परका वाटणार नाही. आणि कुऱ्हाडीला, करवतीला आणि आगीलाही दाद न देणारा तो प्रचंड वृक्ष कोठे उभा करावा हे तिला कोशात शोधावे लागणार नाही.

मराठी विद्यार्थ्याला रशियन अवघड जाते, हा समज मला अर्धा खरा वाटतो. अवघड जाते ती बरीचशी शिकविण्याच्या माध्यमामुळे. इंग्रजीतून इंग्रजांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत नामाला लिंग असते ही गोष्टच मोठ्या आश्चर्याने सांगितलेली असते. आपण तो, ती, ते हा भेद पाळण्यात शिकलेलो असतो. इंग्रजी विद्यार्थ्याला विभक्तीची कल्पना नव्याने समजावून द्यावी लागते. शाळेत संस्कृतची रूपावली घोकलेल्या मराठी मुलाला रशियनच्या सहा विभक्ती म्हणजे प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी आणि काहीशी सप्तमी, आणि पंचमीचे काम षष्ठीने उचललेले, एवढे सांगितले की निम्मा डोंगर उतरतो. त्याहून मौजेची गोष्ट भूतकाळाची. आपण म्हणतो ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’; रशियन म्हणतो ‘ओन स्कझाल’, ‘अना स्कझाला’. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते आणि भूतकाळाची खूण दोन्हीकडे ‘ल’ हीच. या दोहोंचे ऐतिहासिक मूळ एक नसले तरी शिकणाऱ्याच्या स्मरणाला हा केवढा आधार आहे! आणि नावांचे काय? रशियन कादंबरीतील माणसांची नावे लक्षात राहत नाहीत अशी तक्रार इंग्रजी वाचक करतो, कारण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही त्रिपुटी त्याच्या परिचयाची नसते. आंतोन पाव्हलोविच चेखॉव्ह आणि पांडुरंग महादेव बापट ही नावे एकाच रीतीने घडलेली आहेत हे मराठी वाचकाला कोणी सांगावयास नको. अशी सोयरीक असता आपण रशियनचे व्याकरण इंग्रजीच्या फूटपट्टीने मोजून शिकवावे, हा वेळेचा आणि बुद्धीचा अपव्यय आहे. मराठीतून लिहिलेले, मराठी आणि संस्कृतशी तुलना करीत जाणारे विस्तृत रशियन व्याकरण हा एखाद्या पदव्युत्तर विभागाचा अभिमानाचा प्रकल्प ठरावा.

संशोधनाचे विषयही दूर शोधावयास नकोत. त्व्येरचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात चौलच्या बंदरात उतरला, पालीवरून सह्याद्री चढून जुन्नरला आला, तेथे पावसाळा काढला, पुढे बहामनी राज्याची राजधानी बिदर पाहून दाभोळहून परतीच्या जहाजात बसला. शिवजन्माच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा जुन्नर, तेथील चिखल, पेरणी, घोड्यांचा व्यापार, त्याचा घोडा हिरावून त्याला धर्मांतराची अट घालणारा असदखान, हे सारे त्याने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले आहे. आणि त्या जुन्या रशियनमध्ये फारसी, अरबी, तुर्की शब्दांची जी सरमिसळ आहे तिच्यापैकी कित्येक शब्द आपल्या बखरींच्या व दफ्तरांच्या मराठीला सख्ख्या नात्याचे आहेत. रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. त्याच्या टिपणांचा मुळावरून केलेला, सह्याद्रीच्या भूगोलाची जाण ठेवून सटीप सजवलेला मराठी पाठ हा एम.ए.नंतरच्या प्रबंधाचा विषय म्हणून कोणत्याही परीक्षकाला समाधान देईल.

२०२२ पासून चाललेल्या युद्धामुळे रशियनच्या अभ्यासाविषयी काही सुशिक्षितांच्या मनात किंतु उत्पन्न झाला आहे, तो मी समजू शकतो. शेजारी देशावर केलेल्या आक्रमणाचे समर्थन करण्याचे मलाही कारण नाही. परंतु भाषा ही राज्यकर्त्यांची मिरास नसते. ज्या भाषेत सत्तेची आज्ञापत्रे निघतात, त्याच भाषेत त्या सत्तेपुढे न नमलेल्यांची दैनंदिनी, पत्रे आणि कविताही लिहिल्या जातात, आणि रशियनच्या इतिहासात तर या दुसऱ्या प्रकारच्या लेखनानेच आपले सर्वोत्तम दिलेले आहे. त्या देशात काय चालले आहे हे दुसऱ्यांच्या वार्तापत्रांवर विसंबून न राहता स्वतः वाचून समजून घेणारी चार माणसे महाराष्ट्रात असणे, हे या काळात तर अधिकच अगत्याचे आहे.

तेव्हा करावयाचे ते असे. एम.ए.च्या अंतिम वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एका रशियन कथेचे वा निबंधाचे मुळावरून मराठी भाषांतर सादर करावे, आणि त्याच्या तपासणीला रशियनच्या परीक्षकाबरोबर मराठी विभागाचाही एक परीक्षक बसावा, म्हणजे भाषांतर अचूक आहे की नाही हे जसे पाहिले जाईल तसे ते मराठी आहे की नाही हेही पाहिले जाईल. यांतील निवडक कामे राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध करावीत. यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने १९६० साली हे मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते, आणि जगातील ज्ञान मराठीत आणणे हे त्याचे मूळ कर्तव्यच आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, अंदाजपत्रकात एक छोटीशी तरतूद पुरेल. आणि तिसरी गोष्ट प्रवेशाची. परकीय भाषांचे वर्ग शहरातील, इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलांनी भरतात; मुळशी, वेल्हे, भोर या तालुक्यांतील मुलांपर्यंत त्यांची खबरही पोहोचत नाही. ज्यांच्या जमिनी आधी धरणाखाली आणि नंतर बंगल्यांच्या भूखंडांखाली गेल्या, ज्यांची नावे सातबाऱ्यांवरून गेली, त्यांची मुले आज लवळ्याच्या आणि हिंजवडीच्या फाटकांवर पहारा करताना दिसतात. विद्यापीठाच्या विभागाने दर मे महिन्यात आपला एक अध्यापक पौडला, माल्याला आणि पिरंगुटला पाठवावा, तेथील पदवीच्या विद्यार्थ्यांना हा अभ्यासक्रम मराठीतून समजावून सांगावा, आणि रशियनच्या प्रत्येक तुकडीत या खोऱ्यांतील दोन विद्यार्थ्यांच्या शुल्काची व वसतिगृहाची हमी घ्यावी.